तिला दिसत नव्हतं तेव्हा

केशरक्काच्या घरात सून आली तेव्हा वाडीतल्या बायका म्हणाल्या होत्या, बघा, सहा महिन्यांत चूल वेगळी होणार. पूर्णिमा बारावी झालेली, खानापूरकडच्या मोठ्या गावात वाढलेली. आणि ही वाडी म्हणजे रामनगरच्या रस्त्यापासून दोन कोस आत, जंगलाला टेकून असलेली जेमतेम अठरा घरं. फोनला रेंज हवी तर टेकावर चढायचं आणि संध्याकाळ झाली की गव्यांच्या भीतीनं शेतावरून लवकर परतायचं.

पण चूल वेगळी झाली नाही. केशरक्काला एकच लेक, वासू. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. मुलगी हवी होती ती झाली नाही, आणि ती जागा पूर्णिमानं कधी भरून काढली हे तिलाही कळलं नाही. वासू गोव्याला कारखान्यात, पंधरा दिवसांतून एकदा यायचा. त्यामुळं घरात दोघीच. पूर्णिमा तिला "आत्ती" म्हणायची आणि रोज दुपारी जेवणं झाली की ओट्यावर बसून तिच्या पायाच्या भेगांना तेल लावायची. वासू सुट्टीवर आला की म्हणायचा, "ह्या घरात पाव्हणा मीच हाय वाटतं."

पूर्णिमाला दिवस गेले तेव्हा केशरक्कानं टेकावर चढून स्वतः वासूला फोन केला होता. तिला बटणं कळायची नाहीत. नंबर पूर्णिमानंच लावून दिला आणि लाजून चार पावलं लांब जाऊन उभी राहिली.

सात महिने सगळं नीट गेलं. आशाताई तारा दर महिन्याला येऊन बघून जायची, रामनगरच्या दवाखान्यात तपासणी व्हायची, आणि तिथली सिस्टर तायी कार्डावर, म्हणजे गरोदर बाईच्या तपासणीच्या कार्डावर, वजन, बीपी लिहून द्यायची. सातव्या महिन्याच्या शेवटी सिस्टर म्हणाली, "बीपी थोडं वर आलंय. मीठ कमी खा, पंधरा दिवसांनी शनिवारी परत या." पुढची तारीख तिनं कार्डावर लिहून दिली.

त्यातला पहिला आठवडा भातकापणीत गेला. वासू रजा टाकून आला होता. पूर्णिमाला केशरक्का शेतावर येऊ देत नव्हती. "तू घरात बस, तांदूळ निवड, जेवणाचं बग," एवढंच तिचं काम.

एका दुपारी जेवताना वासूच्या दाताखाली खडा आला. दुसऱ्या दिवशी केशरक्काच्या. तिसऱ्या दिवशी एका घासात दोन खडे आले तसा वासू हसत म्हणाला, "काय गं, डोळं झाकून निवडतीस काय?"

पूर्णिमा हसली नाही. ताट पुढ्यात घेऊन तशीच बसून राहिली. वासू शेताकडं गेल्यावर ती म्हणाली, "आत्ती, खरंच मला दिसंना झालंय. खडा कुठला, तांदूळ कुठला, सगळं एकच. काल आईचा मेसेज आला तर अक्षरं पाण्यात हलल्यागत दिसत होती."

"कधीपास्नं?"

"चार दिस झालं. आणि मधीच काजवे चमकल्यागत होतं. डोकंबी दुखतंय."

केशरक्काला हे ऐकून धस्स झालं नाही. तिला बरंच वाटलं. म्हणजे आपल्यासारखंच. "अगं, मलाबी झालं होतं की! वासूच्या येळी. सुईत दोरा म्हणून जात नव्हता माझा. माझी सासू म्हणायची, पोटातलं पोर आईच्या डोळ्यातली नजर खातंय. बाळंत झाले नि महिन्याभरात सगळं पयल्यासारखं. तू नको काळजी करू."

"रामनगरला दाखवून येऊ काय पण? वासू हाय तवर?"

"गेलीस तर उगं चष्मा लावतील. नि शनवारी जायाचंच हाय न्हवं? तवा डोळ्याचंबी सांगू."

पूर्णिमानं मान हलवली. सासूचं तिला पटलं, कारण सासू तिला कधी वाईट सांगत नव्हती.

तिचा चेहरा सुजला होता, हेही केशरक्कानं पाहिलं होतं. ओटीभरणाला घातलेल्या हिरव्या बांगड्या मनगटात रुतत होत्या. शेजारणी म्हणाल्या, अंगावर तेज आलंय, मुलगी होणार. केशरक्काला ते गोड वाटलं. तिनं साबण लावून दोन बांगड्या उतरवल्या आणि पूर्णिमाचे हात आपल्या मांडीवर घेऊन हळूहळू चोळले.

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला वासू खळ्यात मळणीला लागला होता. अंगणात लख्ख ऊन पडलं होतं. पूर्णिमा दारात येऊन उभी राहिली आणि चौकटीला हात लावून म्हणाली, "आत्ती, ढग आलं काय? अंधार का झाला असा?"

केशरक्का अंगणात पापड वाळत घालत होती. तिला वाटलं, पोरगी थट्टा करतेय. तिनं वर बघितलं. पूर्णिमा सूर्याकडं तोंड करून उभी होती आणि तिचे डोळे सताड उघडे होते. पापणी लवत नव्हती.

"पूर्णी?"

"तुम्ही कुठं हाय आत्ती? मला दिसत न्हाई. काईच दिसत न्हाई." तिनं पोटाच्या वरच्या बाजूला, बरगडीखाली हात दाबला. "हितं लई दुखूलालंय."

केशरक्का उठून तिच्यापर्यंत पोचायच्या आत पूर्णिमाचा जबडा आवळला, हातपाय ताठ झाले आणि ती उंबऱ्यावर कोसळली.

पुढचं केशरक्काला तुटक तुटक आठवतं. वासूची हाक. वाडीतल्या पुंडलिकची जीप, मागच्या सीटवर आडवी पूर्णिमा आणि तिचं डोकं आपल्या मांडीवर. जंगलातल्या रस्त्याचे खड्डे. रामनगरच्या दवाखान्यात सिस्टरनं बीपीचा पट्टा बांधला आणि आकडा बघून पळतच डॉक्टरांना बोलवायला गेली. इंजेक्शन दिलं, अँब्युलन्सला फोन केला. लोंढा गेलं, खानापूर गेलं. पूर्णिमा मधेच शुद्धीवर आली आणि विचारू लागली, "दिवस हाय का रात?" केशरक्का दर वेळी सांगत होती, "दिवस हाय बाळा, दिवस हाय."

बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात पोचले तेव्हा दोन वाजले होते. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, भराभर बोलत होत्या. बीपी दोनशेला टेकलंय, पोट दगडासारखं कडक झालंय, बाळाचे ठोके ऐकू येत नाहीत. मग त्यांनी केशरक्काला विचारलं, "डोळ्यांचा त्रास कधीपासून होता?"

"आठ दिस झालं असतील."

"आठ दिवस?"

डॉक्टरीणबाई यापुढं काही बोलल्या नाहीत. वळून आत गेल्या. त्या रागावल्या असत्या, दोन शब्द टाकून बोलल्या असत्या तर केशरक्काला सोसलं असतं. त्यांचं ते काहीच न बोलणं तिच्या छातीत रुतून बसलं.

संध्याकाळी पाचला बाळ झालं. मुलगी. पोटातच गेलेली.

पूर्णिमा वाचली. तिला आत, मशिनं लावलेल्या खोलीत नेलं. औषधांच्या गुंगीत होती, डोळ्यांपुढं अजून अंधारच. सिस्टर पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं बाळ घेऊन बाहेर आली. वासू भिंतीकडं तोंड करून उभा राहिला आणि त्यानं शेवटपर्यंत मान वळवली नाही. केशरक्कानं हात पुढं केले.

सिस्टर कन्नड मिसळून मराठी बोलायची. केशरक्काच्या खांद्यावर हात ठेवून तिनं हळू आवाजात सांगितलं, "आज्जी, आईला आत्ता दिसत नाही. पण तिच्या हातात तरी एकदा देऊया. आणि फोनवर फोटो काढून ठेवा. आज नको वाटेल, पण पुढं ती विचारेल. सगळ्या विचारतात."

वासूनं भिंतीकडं बघतच खिशातून फोन काढला आणि मागं धरला. केशरक्कानं तो हात बाजूला सारला.

"नको. कशाला? जे बघितलंच न्हाई त्याचं दुःख लवकर सरंल. दावून तिच्या जिवाला आणि घोर लावायचा काय? ने रं वासू, लेकरू गावाला ने."

सिस्टर कागदावर वासूची सही घेऊन आत गेली.

बाकावर बसून केशरक्कानं कापड बाजूला केलं आणि नातीचं तोंड पदरानं पुसलं. त्या दवाखान्यात शंभर माणसं असतील, पण त्या बाळाला नीट बघणारी ती एकटीच होती. अँब्युलन्सच्या मागोमाग जीप घेऊन आलेला पुंडलिक आणि वासू बाळाला घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी शेताच्या कडेला, वहाळाच्या वरच्या अंगाला त्यांनी तिला पुरलं.

पूर्णिमाला तिसऱ्या दिवशी सांगितलं. वासूच सांगायला बसला होता, पण त्याच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी केशरक्का म्हणाली, "बाळा, लेकरू आपल्याला लाभलं न्हाई."

पूर्णिमानं आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. "असं कसं? मी ऐकलं की. रडत होती. मला दिसत नव्हतं, पण कान होतं न्हवं? चांगली मोठ्यानं रडली. मी सिस्टरला म्हणालेबी, माझी रडूलालीया, घ्या तिला."

ते पलीकडच्या टेबलावरच्या बाईचं बाळ होतं. तीन दिवस पूर्णिमा तो आवाज उराशी धरून पडली होती. अंधारात तेवढं एकच तिच्याजवळ होतं. केशरक्कानं तेही काढून घेतलं.

"ती दुसरीची होती गं."

पूर्णिमानं विचारलं, "पोरगीच होती न्हवं? कुणासारखी होती?"

वासू उठून बाहेर गेला. केशरक्काला वाटलं, सांगावं. पण सांगायला गेलं तर म्हणेल, मग मला का दिली नाही हातात? तिचा धीर झाला नाही.

"मलाबी दावली न्हाई बाळा. झाकूनच दिली."

दहाव्या दिवशी सकाळी पूर्णिमाला खिडकी दिसली. आधी नुसता पांढरा चौकोन, मग त्यातले गज. दुपारपर्यंत तिला केशरक्काच्या कपाळावरचं गोंदण दिसायला लागलं. डोळ्यांचे डॉक्टर येऊन तपासून गेले. वाढलेल्या बीपीमुळं डोळ्याच्या पडद्यामागं पाणी साठलं होतं, ते ओसरलंय, नजर पूर्ण येईल, असं म्हणाले. पूर्णिमा खोलीभर बघत होती. रिकामी खाट, सलाईनचा दांडा, शेजारच्या बाईच्या कुशीतलं तान्हं. मग तिनं दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले आणि कितीतरी वेळ हात काढलेच नाहीत.

घरी सोडल्यावर तिची आई तिला माहेरी घेऊन गेली. रीतच आहे तशी. पण जाताना पूर्णिमा केशरक्काच्या पाया पडली तेव्हा तिच्याकडं बघत नव्हती.

तारा आशाताई एक दिवस वाडीवर आली. केशरक्कानं तिला घरात घेतलं, चहा दिला आणि सरळ विचारलं, "मलाबी झालं होतं की गं तसंच. मग माझं कसं गेलं?"

तारानं कप खाली ठेवला. "पुष्कळ जणींचं जातं, आक्का. गरोदरपणात नजर थोडी इकडची तिकडं होतीच. पण कुणाचं जाणार नि कुणाचं बीपी वर चढलंय, हे घरात बसून कळत न्हाई. बीपी बघितलं की कळतं. दोन मिनटांचं काम."

"दोन मिनटांचं," केशरक्का म्हणाली.

तारा बोलून गेली आणि मग तिचं तिलाच वाईट वाटलं. ती केशरक्काचा हात धरून अंधार पडायला लागेपर्यंत बसून राहिली.

वासू गोव्याला परत गेला. केशरक्का एकटी उठायची, एकटी जेवायची. झोपायला गेलं की डोळ्यांपुढं ते तोंड यायचं. कुणाला सांगावं तर कुणी बघितलेलंच नव्हतं. आणि जिनं विचारलं होतं तिला आपण खोटं सांगितलं.

पौष सरता सरता एका सकाळी तिनं शेजारणीला कोंबड्यांकडं बघायला सांगितलं, रामनगरला जाऊन बस धरली आणि खानापुरात उतरून विचारत विचारत सुनेच्या माहेरी पोचली. पूर्णिमा परसात कपडे वाळत घालत होती. वाळली होती. सूज उतरल्यावर ती अगदीच पोरगी दिसत होती. सासूला बघून तिनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि म्हणाली, "बसा आत्ती."

केशरक्का बसली नाही. उभ्या उभ्याच बोलली, कारण बसली असती तर बोलणं झालं नसतं.

"मी तुला खोटं सांगितलं पूर्णी. मी बघितली तिला. माझ्याच हातात दिली होती. सिस्टर तुझ्या हातात द्या म्हणाली, फोटो काढा म्हणाली, वासूनं फोनबी काढला. मीच नको म्हणाले. आणि तू रामनगरला जाऊया म्हणालीस, तवाबी मीच नको म्हणाले."

पूर्णिमाच्या हातात ओला टॉवेल होता. तो तसाच राहिला.

"का आत्ती?"

"मला वाटलं, बघितलं न्हाईस तर लवकर इसरशील."

"इसरायला आधी बघाय तर पायजे की," पूर्णिमा म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी रोज एक तोंड करते. आज असं, उद्या तसं. एकबी खरं न्हाई ते मला ठाव हाय. तुमच्याजवळ खरं होतं आणि तुम्ही दोन महिने ठिवून घेतलासा."

केशरक्काच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलं नाही. पूर्णिमानं टॉवेल दोरीवर टाकला, चिमटा लावला आणि दगडावर बसली.

"सांगा आता."

केशरक्का तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि सांगू लागली. केस काळे, दाट, पार कपाळावर आलेले. कपाळ तुझ्यासारखं. नाक वासूचं, बसकं. वरचा ओठ मधे थोडा उचललेला. बोटं लांब, नखं वाढलेली, एका गालावर स्वतःच्याच नखाचा बारीक ओरखडा. कान एवढेसे, मऊ. रंग कसा म्हणशील तर सांगता येत नाही, तेव्हा निळसर होती. पण उजळ झाली असती. वजन? आपल्या दुधाच्या लहान चरवीएवढं. अंगावर काही खूण? डाव्या गुडघ्याच्या मागं तीळ.

"मागं? तुम्ही पाय उलटून बघितलासा?"

"सगळी बघितली. सगळं अंग पुसलं मी तिचं."

ते ऐकल्यावर पूर्णिमा रडली. दवाखान्यात रडली नव्हती एवढी रडली. तिची आई धावत बाहेर आली आणि दोघींना बघून दारातच थांबली. केशरक्कानं हात पुढं केला, पण पूर्णिमानं मान हलवली. "नको आत्ती. आत्ता नको. माझं मन तुमच्यावर अजून साफ न्हाई."

त्या दिवशी परतीची बस चुकली म्हणून केशरक्का तिथंच राहिली. पूर्णिमानं तिला भाकरी वाढली, अंथरूण घातलं, बोलली मात्र नाही. सकाळी केशरक्का एकटीच निघाली.

शिमग्यानंतर वासू जाऊन पूर्णिमाला घेऊन आला. येईल की नाही याची कुणालाच खात्री नव्हती. आली, चपला काढल्या, पदर खोचला आणि चुलीपुढं बसली. डोळे आता ठणठणीत होते. बीपीची गोळी बंद झाली होती. तारा म्हणाली, पुढच्या वेळी पहिल्यापासून जपायचं. पूर्णिमा ते ऐकून घ्यायची, हो-नाही काही म्हणायची नाही. सासू-सुनेचं बोलणं कामापुरतं चालू होतं. दुपारचं तेल लावणं बंद झालं ते झालंच. केशरक्कानं तेलाची वाटी कधी पुढं केली नाही.

ती एकदाही त्या विषयाला हात घालत नव्हती, पण तिच्या मनानं वेगळीच भीती धरली होती. बाळाचं तोंड पुसट व्हायला लागलं होतं. पहिल्यांदा ओठ गेला. मग कपाळ आठवायला बसलं की शेजारच्या पोरीचं कपाळ समोर यायचं. पासष्टी गाठलेल्या बाईचं डोकं ते, किती धरून ठेवणार? आणि आपणच विसरलो तर ते लेकरू कुठंच राहत नाही, या विचारानं तिचं अन्न गोड लागेना.

चैत्रात एका दुपारी दोघी ओट्यावर बसून काजूच्या बिया सोलत होत्या. केशरक्कानं हातातली बी खाली ठेवली. "पूर्णी, तुला एक सांगायचं हाय. रागावू नको. मला ती नीट आठवंना झालीया. केस आठवतात, बोटं आठवतात. तोंड सरकूलालंय."

पूर्णिमानं तिच्याकडं बघितलं. कितीतरी दिवसांनी सरळ डोळ्यांत बघितलं. चिकानं काळे झालेले हात फडक्याला पुसून ती थोडी जवळ सरकली.

"मला सगळं पाठ हाय," ती म्हणाली. "तुम्ही डोळं मिटा. मी सांगते."

आणि तिनं कधी न पाहिलेल्या आपल्या लेकीचं तोंड, केसांपासून सुरुवात करून, सासूला सांगायला सुरुवात केली.